काळा पडदा आणि तीन नकार

संगणक बिघडला की तो विज्ञान शाखेच्या मित्राकडे किंवा बाजारातील दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा, ही आपली कलाशाखेची रीत. मला मात्र वाटते, की लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीच्या बाबतीत निम्मे काम वाचनाचेच आहे. ही प्रणाली आपले दुखणे सहसा लपवीत नाही; ती ते शब्दांत सांगते. आपण ते शब्द वाचत नाही, एवढेच. १९९१ साली तिचा गाभा लिहिणारा लायनस टॉरवाल्ड्स हाही तेव्हा हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थीच होता, हे सांगितले म्हणजे भीती थोडी कमी व्हावी.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पडद्यावरची चित्रे म्हणजे संगणक नव्हे. तळाशी गाभा, म्हणजे कर्नल. त्यावर चित्र काढणारी व्यवस्था. आणि सर्वांत वर खिडक्या व चिन्हे मांडणारा डेस्कटॉप, असे हे मजले आहेत. वरचा मजला ढासळला तरी खालचे बहुधा शाबूत असतात. म्हणून पडदा काळा पडला, की कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबून पाहाव्यात. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत नाव विचारले गेले, तर यंत्र जिवंत आहे असे समजावे.

आमच्या विभागात हे प्रत्यक्ष घडले. जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे ज्या संगणकात आहेत, त्यात परवलीचा शब्द दिला की पडदा क्षणभर काळा होई आणि पुन्हा प्रवेशाचेच पान समोर येई. एका दुरुस्तीवाल्याने न पाहताच निकाल दिला, “फॉरमॅट मारावा लागेल.” तसे केले असते, तर गावोगाव फिरून जमवलेले सारे पुसले गेले असते. आम्ही अक्षरांच्या पडद्यावर जाऊन ‘डीएफ -एच’ ही आज्ञा दिली. डिस्क १०० टक्के भरलेली! डेस्कटॉपला सुरू होताना काही लहानसहान फाइली लिहाव्या लागतात. त्यांनाच जागा नव्हती. डाउनलोड केलेल्या नको त्या फाइली पुसताच दार उघडले. जागा असूनही असे होत असेल, तर ‘जर्नलसीटीएल -बी’ या आज्ञेने यंत्र चालू झाल्यापासूनची त्याची रोजनिशी वाचावी.

आता दुरून काम करण्याविषयी. सुटीत गावी बसून विभागातील संगणक वापरायचा, तर एसएसएच हा भरवशाचा मार्ग. विद्यापीठाच्या जाळ्यातून परवलीचे शब्द चोरले गेल्यावर १९९५ साली फिनलंडमध्येच टाटू इलोनेन यांनी तो निर्माण केला. तो नकार देतो तेव्हा वेगवेगळ्या शब्दांत देतो, आणि आपण त्या सर्वांना ‘कनेक्ट होत नाही’ असे एकच नाव देऊन मोकळे होतो.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे हाकेला ओ आलीच नाही. यंत्र बंद किंवा निद्रिस्त असेल, पत्ता चुकला असेल, किंवा वाटेतील फायरवॉल निरोप मुकाट्याने गिळत असेल. येथे एक खोच आहे. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता वसतिगृहाच्या खोली क्रमांकासारखा असतो. इमारतीच्या आत तो पुरतो, गावाहून पत्र धाडायला पुरत नाही.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे घर सापडले, पण २२ क्रमांकाच्या दाराशी ऐकणारे कोणी नाही. उबुंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीत ओपनएसएसएच सर्व्हर आधीपासून बसवलेला नसतो. तो बसवून चालू करावा लागतो.

‘परमिशन डिनाइड’ म्हणजे द्वारपाल भेटला, पण ओळख पटली नाही. जाळे ठीक आहे. नाव, परवलीचा शब्द किंवा किल्ली तपासावी.

याखेरीज ‘यंत्राची ओळख बदलली आहे’ असा इशारा कधी येतो. प्रणाली नव्याने बसवली असेल तर तो निरुपद्रवी. परंतु मध्येच कोणी तोतया बसला असण्याचीही शक्यता असते. यंत्र सांभाळणाऱ्याला विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.

दूरचा सबंध पडदाच आपल्याकडे आणू पाहिले आणि काळे चित्र आले, तर कारण बहुधा मधल्या मजल्यावर असते. १९८४ साली एमआयटीत जन्मलेल्या एक्स पद्धतीत एका कार्यक्रमाला साऱ्या पडद्यावर डोकावता येते; २००८ पासून घडत आलेल्या वेलँडमध्ये त्यासाठी परवानगी लागते. जुनी साधने तेथे आंधळी होतात. अशा वेळी डेस्कटॉपच्या सेटिंग्जमधील स्वतःची ‘रिमोट डेस्कटॉप’ सोय वापरावी. एक्सआरडीपी वापरत असाल, तर त्याच नावाने कोणी प्रत्यक्ष यंत्रावर बसले आहे काय, तेही पाहावे. असल्यास त्याला बाहेर पडावयास सांगावे. व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीत परवलीचा शब्द आठ अक्षरांपुरताच धरला जातो, आणि पडद्याचे चित्रही उघड्यावरून जाते. म्हणून त्याचे ५९०० क्रमांकाचे दार जगाला उघडे न ठेवता तो एसएसएचच्या बोगद्यातूनच न्यावा.

तीन पथ्ये सांगून थांबतो. प्रथम कामाची दुसरी प्रत काढावी. आलेला संदेश अक्षरशः वहीत उतरवावा, कारण ‘काहीतरी एरर आला’ एवढ्यावर कोणीही मदत करू शकत नाही. आणि एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. पोथीतला पाठभेद पाहणारा विद्यार्थी ‘रिफ्यूज्ड’ आणि ‘डिनाइड’ यांतला फरक सहज ओळखील; त्याने फक्त वाचायचे ठरवले पाहिजे.