हुलगे, वैल आणि शिट्टी

कोगनोळीच्या चुलीला राज्याची हद्द ठाऊक नव्हती. दूधगंगेपलीकडे महाराष्ट्रातलं कागल, अलीकडे कर्नाटकातला निपाणी तालुका, मधून पुणे-बेंगळुरू महामार्ग. पण दोन्हीकडच्या घरांत जोंधळ्याची भाकरी, तव्यावर रगडलेला खरडा आणि थंडीत गूळ घातलेलं हुलग्याचं माडगं तेच.

माझ्या लहानपणी अख्खे हुलगे शिजवायला अर्धा दिवस जायचा. रात्री भिजवलेले हुलगे सकाळी डेचक्यातून वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, चढत आणि भाकऱ्या होईस्तोवर मंद आचेवर रटरटत. त्या वेळात आम्हा पोरांचं शिक्षण व्हायचं. पदर खोचल्याशिवाय चुलीपुढं बसायचं नाही, जळण बाहेर ओढल्याशिवाय उठायचं नाही, रात्री निखारे राखेत पुरल्याशिवाय झोपायचं नाही. "वैल अजून तापलाय, लांब सर," हे आजीचं वाक्य भाकरीच्या वासासोबतच डोक्यात बसलं.

मग कुकर आला. हॉकिन्स या कुकर-कंपनीची सुरुवात 1959 साली मुंबईत झाली. खेड्यांत कुकर रुळायला पुढं बरीच वर्षं गेली. मूळ कल्पना मात्र फार जुनी. 1679 मध्ये दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं लंडनमध्ये हाडं मऊ करण्यासाठी घट्ट झाकणाचं भांडं बनवलं आणि जादा वाफ सुटावी म्हणून त्याला वजनाची झडप बसवली. आपली शिट्टी त्याच झडपेची वंशज. पांढऱ्या रश्श्यासाठी मटणाची हाडं कुकरला लावणाऱ्या आपल्या भागाला या माणसाची ओळख असायला हवी.

शिट्टीच्या वजनामुळं कुकरच्या आत हवेपेक्षा साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर जादा दाब साठतो. पाणी 100 ऐवजी सुमारे 120 अंशांना उकळतं, म्हणून हुलगे लवकर शिजतात. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून पुढची वेळ घड्याळावर मोजावी. एकामागून एक शिट्ट्या म्हणजे वाया गेलेली वाफ आणि गॅस. नुसत्या शिट्ट्या मोजण्याची आपली सवय मला मुळीच पटत नाही.

खरा धोका फेसाचा. हुलगे, डाळ, तांदूळ शिजताना फेसतात, सालं वर येतात आणि वाफेची नळी तुंबते. म्हणून असे पदार्थ पाण्यासकट कुकरच्या निम्म्याहून खालीच हवेत. झाकण लावण्यापूर्वी नळी उजेडाकडं धरून आरपार दिसते का पाहावं. नळी तुंबलीच तर सेफ्टी व्हॉल्व्ह घर वाचवतो: भांडं फार तापलं की त्यातला कमी तापमानाला वितळणारा धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. बदलताना तो कुकरच्याच कंपनीचा घ्यावा. झाकणाची ढिली रबरी रिंग फ्रीजरमध्ये ठेवून आणखी महिनाभर ओढण्यात शहाणपण नाही. वाफ पूर्ण उतरेपर्यंत झाकणाशी झटापट करू नये.

कुकर विकत घेताना आयएसआय खूण आणि आयएस 2347 हा आकडा शोधावा. 1 फेब्रुवारी 2021 पासून हे मानक सक्तीचं आहे. खूण नसलेले कुकर आपल्या संकेतस्थळांवर विकू दिल्याबद्दल 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं बड्या ऑनलाइन कंपन्यांना दंड केला आणि ग्राहकांचे पैसे परत द्यायला लावले.

मला खुपतं ते हे, की चुलीचं शहाणपण तोंडी आलं आणि कुकर-गॅसचं कागदावर. तो कागद बहुधा इंग्रजीत. ज्या बाईच्या हातात कुकर, तिच्यापर्यंत तो पोचलाच नाही. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो, हे तिला कोणी सांगितलं? त्याला मुद्दाम घातलेला उग्र वास आला तर दिव्याचं बटण चालू किंवा बंद, काहीच करायचं नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या सताड उघड्या, आणि बाहेर येऊन 1906 ला फोन. गॅसची नळीसुद्धा पाच वर्षांनी बदलावी लागते. तारीख तिच्यावरच छापलेली असते.

दिवाळीत तर तळणाची कढई तासन्‌तास गॅसवर असते. तेलातून धूर निघू लागला की आच बंद करायची. पेटलंच तर पाणी ओतायचं नाही: पाणी तळाशी जातं, क्षणात वाफ होतं आणि जळतं तेल चहूकडं उडवतं. जवळ जाता येत असेल तर गॅस बंद करून मोठं ताट कढईवर सरकवायचं, आणि कढई पुरती गार झाल्याखेरीज ते उचलायचं नाही.