कुरुदला समुद्र नाही, तरी आकाश निळंच

"आकाश निळं का गं?" असं पोरांनी विचारलं की घरातलं कुणीतरी हमखास सांगतं, समुद्राचं प्रतिबिंब पडतं म्हणून. भिलाईच्या कुरुदमध्ये बसून हे सांगायचं म्हणजे कमालच! इथून जवळचा समुद्र सरळ रेषेत ४०० किलोमीटरहून लांब.

मोठमोठ्यांचीही इथे गल्लत झालेली आहे. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी आकाशाचा निळा रंग बरोबर उलगडला, पण समुद्राचा निळा म्हणजे आकाशाचंच प्रतिबिंब, असं ते म्हणाले. १९२१ साली इंग्लंडहून बोटीने परतताना सी. व्ही. रामन यांनी एक छोटा प्रिझम डोळ्यासमोर धरून ते प्रतिबिंब कापून टाकलं; तरी पाणी निळंच राहिलं. विखुरलेल्या प्रकाशाचा हाच ध्यास पुढे २८ फेब्रुवारी १९२८ च्या 'रामन परिणामा'च्या शोधापर्यंत गेला.

हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, पण पाच वर्षांच्या नातीला रेणू सांगून काय होणार? आणि 'सायन्स किट' आणल्याशिवाय प्रकाश शिकवता येत नाही, हाही एक गैरसमजच. काचेचा उंच ग्लास पाण्याने भरा, त्यात दुधाचे तीन-चार थेंब टाका, खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च ग्लासला बाजूने टेकवा.

"आजी, पाणी निळं दिसतंय!"

"आता टॉर्चच्या समोरच्या बाजूला ये."

"इकडून पिवळं!"

दुधाचे बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. तो बाजूला फेकला जातो, तांबूस-पिवळा सरळ पुढे जातो. दुपारचं आकाश आणि संध्याकाळचा सूर्य, दोन्ही एका ग्लासात. थेंब मात्र मोजून टाका. दूध जास्त झालं की सगळं नुसतं पांढरं.

आणखी एक गैरसमज नळावरच्या खुणेने पसरवलेला: लाल म्हणजे सगळ्यात गरम. ज्या भिलाईत १९५९ पासून पोलादाची भट्टी पेटलेली आहे तिथे तरी तो टिकू नये. लोखंड ७००-८०० अंशांना लाल दिसतं. १५०० च्या पुढे, वितळलेलं पोलाद पिवळट-पांढरं. कारखान्यात मुलांना कोण सोडणार, पण लोहाराकडे लांब उभं राहून बघता येतं. भट्टीतून काढलेली सळई आधी पिवळसर, मग नारिंगी, मग लाल, मग काळी होते. निवत जाण्याचा क्रमच तो. (गॅसची निळी ज्योत या हिशेबात धरू नका, तिच्या रंगाचं कारण वेगळं आहे.)

आणि भर दुपारी सावली पायाखाली जाते म्हणतात, तेही रोज नाही. भिलाईत ती वर्षातून दोनदाच नाहीशी होते: मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यावर. गच्चीवर एक काठी अगदी उभी रोवा, बाराच्या सुमारास तिची सावली बघत राहा. सूर्याकडे मात्र कुणी पाहायचं नाही. जुलैत बहुधा ढग असतात, म्हणून मे चुकवू नका.