थरारकथेतलं गुपित आणि उत्खननातलं सत्य

डॅन ब्राउन यांच्या ‘द दा विंची कोड’ (२००३) या कादंबरीत कथा सुरू होण्याआधीच ‘वस्तुस्थिती’ अशा मथळ्याचं एक पान येतं. प्रायरी ऑफ सायन ही १०९९मध्ये स्थापन झालेली खरीखुरी गुप्त संघटना आहे, तिची कागदपत्रं १९७५मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडली, असं ते पान सांगतं. कादंबरीकारानं हवं ते रचावं, तो त्याचा हक्कच आहे. मला खटकतं ते हे पान, कारण गैरसमजांना तिथूनच बळ मिळालं.

प्रायरी ऑफ सायनची रीतसर नोंदणी झाली ती १९५६मध्ये, फ्रान्समध्ये. पिएर प्लाँतार हा तिचा कर्ताधर्ता. संघटनेचे सदस्य म्हणून न्यूटन, बॉतिचेल्ली, लिओनार्दो यांची नावं असलेली ‘गुप्त कागदपत्रं’ त्याच्याच मंडळींनी १९६०च्या दशकात त्या ग्रंथालयात जमा केली होती. म्हणजे ती कुणाला सापडली नाहीत. सापडावीत म्हणून ठेवली गेली. याच प्रकरणात जुनी म्हणून दाखवलेली चर्मपत्रं आपणच बनवल्याचं प्लाँतारचा साथीदार फिलिप द शेरिसे यानं पुढे कबूल केलं.

मृत समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांच्या गुंडाळ्यांमध्ये येशूचं दडवलेलं चरित्र आहे आणि व्हॅटिकननं ते दाबून ठेवलं, ही समजूत तर फार चिवट. तिथल्या कुमरानच्या परिसरात १९४७च्या सुमारास बेदुईन मेंढपाळांना पहिल्या गुंडाळ्या मिळाल्या. पुढच्या काही वर्षांत अकरा गुहांमधून नऊशेच्या आसपास हस्तलिखितांचे अवशेष हाती आले. त्यात हिब्रू बायबलमधले ग्रंथ आहेत, प्रार्थना आहेत, एका ज्यू पंथाचे नियम आहेत. येशूचा उल्लेख कुठेही नाही. संशयाला जागा मिळाली ती प्रकाशनाच्या विलंबामुळे. हजारो तुकडे जुळवायचे होते आणि काम मूठभर अभ्यासकांच्या ताब्यात होतं. त्यांनी इतरांना दशकानुदशकं बाहेर ठेवलं, हे चूकच होतं. १९९१मध्ये कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयानं आपल्याकडची छायाचित्रं सर्व संशोधकांसाठी खुली केली, तेव्हा ही मक्तेदारी मोडली. आज त्या तुकड्यांची छायाचित्रं कुणालाही इंटरनेटवर पाहता येतात.

ख्रिस्ती धर्मगुरूंच्या निकाई इथल्या परिषदेत, ३२५ साली, बायबलमध्ये कोणते ग्रंथ घ्यायचे ते ठरलं, हेही खरं नाही. तिथला मुख्य वाद पिता आणि पुत्र यांच्या नात्याचा होता. चारच शुभवर्तमानं प्रमाण, असा आग्रह बिशप आयरेनियस यानं त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षं आधीच धरला होता.

आणि चर्च अवशेषांना विज्ञानाचा हात लागू देत नाही, हा समज? येशूचं मानल्या जाणाऱ्या तुरिनच्या कफनाचे नमुने चर्चच्याच परवानगीनं घेतले गेले. १९८८मध्ये ऑक्सफर्ड, झुरिक आणि अ‍ॅरिझोना इथल्या तीन प्रयोगशाळांनी ते कापड १२६० ते १३९०च्या दरम्यानचं ठरवलं.

शोध प्रत्यक्षात कसा लागतो, हे पाहायचं तर जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चकडे जावं. जॉर्जियाची राणी केतेवान हिनं धर्म सोडायला नकार दिला, म्हणून इराणच्या शाह अब्बासच्या हुकमानं १६२४मध्ये शिराझ इथे तिचा छळ करून तिला ठार मारण्यात आलं. ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिच्या अस्थींचा काही भाग १६२७मध्ये गोव्यात, याच चर्चच्या मठात आणला. अस्थींची दगडी पेटी मठाच्या कोणत्या दालनात, कितव्या खिडकीपाशी ठेवली, हे पोर्तुगीज कागदपत्रांत लिहिलेलं होतं. पण इमारतच कोसळल्यामुळे ती खिडकी कुठली, तेच कळेना. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं ढिगारा उपसला, मठाचा आराखडा पुन्हा उभा केला आणि २००४मध्ये त्या जागी हाताच्या हाडाचा तुकडा मिळाला. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत त्याच्या डीएनएची तपासणी झाली. आईकडून येणारा त्यातला वंशगट भारतीय नमुन्यांत आढळला नाही, जॉर्जियातल्या काही नमुन्यांत आढळला. एवढ्यावरून हाड राणीचंच, असं ठामपणे म्हणता येत नाही. डीएनए, जागा आणि कागदपत्रं तिन्ही जुळतात, म्हणून ते तिचं असण्याची शक्यता मोठी, इतकंच संशोधकांनी मांडलं. २०२१मध्ये भारताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्या अवशेषाचा एक भाग त्बिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केला.