आहारांतील स्निग्धांश आणि मज्जातंतूंचा एक विकार

घरांतील एखाद्या तरुण मुलास किंवा लेकीसुनेस 'मल्टिपल स्क्लेरॉसिस' हा विकार जडल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें, कीं पथ्याचे सल्ले देणारांची रीघ लागते. कोणी म्हणतो, तूप बंद करा. कोणी म्हणतो, तुपावांचून मज्जेस पोषण कोठून मिळणार? या वादांत शास्त्राची मजल कोठवर गेली आहे, तें आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

विजेच्या तारेवर रबरी वेष्टन असतें, तसें आपल्या मज्जातंतूंवर स्निग्धमय आवरण असतें. या विकारांत शरीराच्या रक्षक पेशीच त्या आवरणावर तुटून पडतात. मग दृष्टि अंधुक होते, पाय जड पडतात, हातांस मुंग्या येतात.

या विकाराचा आहाराशीं संबंध जोडणारांत डॉ. रॉय स्वँक यांचें नांव अग्रगण्य आहे. नॉर्वे देशांत आंतील शेतकरी भागांत हा विकार अधिक, तर मासळीवर राहणाऱ्या किनाऱ्यावर कमी, असें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५२ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें १४४ रोग्यांस अल्प स्निग्धांशाचा आहार सांगून ३४ वर्षें त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवली. दिवसास २० ग्रॅमहून कमी स्निग्धांश खाणारे फारसे खालावले नाहींत, पथ्य न पाळणारे मात्र पुष्कळ खालावले, असा निष्कर्ष १९९० सालीं 'लॅन्सेट'मध्यें आला. परंतु तुलनेसाठीं निराळा गट नव्हता. ज्याचा विकार मुळांतच सौम्य, त्यास पथ्यही सोपें जातें. तेव्हां गुण पथ्याचा कीं प्रकृतीचा, हें यावरून ठरत नाहीं.

नंतरचे अनुभव संमिश्र आहेत. २०१२ सालीं नॉर्वेंतच माशांच्या तेलांतील ओमेगा-३ देऊन पाहिलें. उपयोग दिसला नाहीं. २०१६ सालीं अमेरिकेंत अल्पस्निग्ध शाकाहाराचा वर्षभर प्रयोग झाला. मेंदूच्या चित्रांत फरक पडला नाहीं, थकवा मात्र कमी झाला.

२०१५ सालीं जर्मन संशोधकांस उंदरांत असें आढळलें, कीं लॉरिक अम्लानें हल्लेखोर पेशी वाढतात व प्रोपिऑनिक अम्लानें त्यांस आवरणाऱ्या पेशी वाढतात. हें दुसरें अम्ल धान्य, डाळी व भाज्यांतील चोथ्यापासून आंतड्यांतील जंतू तयार करितात. खोबरेल तेलांत सुमारें निम्मा भाग लॉरिक अम्लाचा असतो. परंतु तेवढ्यावरून कोंकणांतील गृहिणीनें नारळ वर्ज्य करण्याचें कारण नाहीं. उंदरांचा नियम माणसांस जसाच्या तसा लागू पडत नाहीं.

तात्पर्य, तूप-तळण बेतानें, भाजी-डाळ भरपूर, हें पथ्य सर्व घरानेंच पाळावें. म्हणजे आजाऱ्याचें ताट निराळें पडणार नाहीं. मात्र पथ्याच्या भरंवशावर औषध सोडूं नये. आजचीं औषधें हल्ल्यांची संख्या कमी करितात. आणि एकदां नष्ट झालेला मज्जातंतु कोणत्याही पथ्यानें परत येत नाहीं.