बोटावर मावणारं दुखणं

प्लास्टिकच्या पिशवीत दोन सोनोग्राफी, एक एंडोस्कोपी, एक सीटी स्कॅन आणि रक्त-लघवीच्या कागदांची चळत. प्रत्येक कागदावर 'नॉर्मल'. अशा पिशव्या घेऊन येणारे रुग्ण पोटविकारतज्ज्ञांना नवे नाहीत. घरी ओवा-हिंग झालेलं असतं, गावाकडे कुणी 'बेंबी सरकली' म्हणून पोट चोळून दिलेलं असतं, एखाद्या दवाखान्यात 'टेन्शन घेऊ नका' हेही ऐकून झालेलं असतं. पोट मात्र दर पंधरा दिवसांनी दुखतंच.

पुढचा स्कॅन लिहून देण्याआधी जाणता डॉक्टर म्हणतो, ''नेमकं कुठे दुखतं? बोट ठेवून दाखवा.''

काही जण पोटभर तळवा फिरवतात. आतडी, जठर यांच्याकडून मेंदूला जाणारी वेदनेची खबर मोघमच असते, त्यामुळे ते साहजिक आहे. काही जण मात्र बेंबीपासून तीन-चार बोटं बाजूला एकच बोट टेकवतात, आणि दर वेळी तिथेच. हे दुखणं पोटाच्या आत नसून पोटाच्या भिंतीत असू शकतं.

फिलाडेल्फियाचे सर्जन जॉन कार्नेट यांनी 1926 मध्ये यासाठी एक साधी चाचणी मांडली. रुग्ण उताणा झोपतो. डॉक्टर दुखऱ्या जागी बोट दाबून धरतो आणि सांगतो, हात छातीवर घ्या, डोकं-खांदे उचला. पोटाचे स्नायू ताठ होतात. दुखणं आतल्या अवयवाचं असेल, तर ताठ स्नायूंची ढाल मध्ये आल्यामुळे ते कमी होतं. भिंतीतलं असेल, तर तेवढंच राहतं किंवा वाढतं. खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट. हर्नियातही असं होऊ शकतं, म्हणून तोही तपासून बघावा लागतो.

भिंतीत दुखतं ते बहुधा मज्जातंतू चिमटल्यामुळे. खालच्या बरगड्यांमधून पुढे येणारे तंतू पोटाच्या उभ्या स्नायूपाशी जवळपास काटकोनात वळतात आणि एका चिंचोळ्या छिद्रातून कातडीकडे जातात. तिथे ते आवळले जातात. स्कॅनमध्ये हे सहसा दिसत नाही. मग त्याच बिंदूत बधिर करणारं इंजेक्शन देतात. दुखणं थांबलं तर निदानाला पुष्टी मिळते, आणि काहींना त्यातच उतारही पडतो. नेदरलँड्समधल्या सर्जननी 2013 मध्ये अशा 48 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना बधिर करणारं लिडोकेन दिलं, निम्म्यांना नुसतं सलाइन. लिडोकेनच्या 24 पैकी 13 जणांचं दुखणं निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरलं, सलाइनच्या 24 पैकी चौघांचंच.

दुखणं सांगायला मराठीत शब्दांची ददात नाही. कळ येणं, मुरडा, ठणका, जळजळ, पोट आवळणं – यातला प्रत्येक शब्द वेगळी वाट दाखवतो. येऊन-जाऊन मारणारी कळ आतडं, पित्तनलिका किंवा मूत्रनलिका अडल्याची असू शकते. पण केसपेपरवर हे सगळं 'पोटदुखी' या एका शब्दात उरकतं.

कॅलेंडरही बोलतं. पाळीच्या दिवसांत उसळणाऱ्या दुखण्यामागे एंडोमेट्रिऑसिस असू शकतो, आणि सोनोग्राफी साफ आली म्हणून तो नाही असं ठरत नाही. जेवणानंतर तासाभरात दुखतं म्हणून जेवायलाच घाबरणाऱ्या, वजन घटत चाललेल्या वयस्क, धूम्रपान करणाऱ्या माणसाच्या आतड्याच्या रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात. संध्याकाळचा बारीक ताप आणि उतरतं वजन दिसलं, तर आपल्या देशात आतड्याचा क्षय आधी आठवायला हवा.

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणजे 'काहीच सापडलं नाही' याचं दुसरं नाव नव्हे. त्याच्या निदानासाठीच्या 2016 च्या रोम निकषांनुसार मागचे तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखायला हवं, सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची हवी, आणि दुखण्याचं शौचाशी नातं हवं. झोपेतून उठवणारं दुखणं, शौचावाटे रक्त, पंडुरोग किंवा पन्नाशीनंतरची नवी पोटदुखी असेल, तर आधी कसून तपासणी.

काही आजार झटक्याच्या वेळीच पकडता येतात. तीव्र पॉर्फिरियात असह्य पोटदुखी होते. त्याच्या तपासणीसाठी लघवी दुखत असतानाच घ्यावी लागते आणि बाटली उजेडापासून झाकून प्रयोगशाळेत पाठवावी लागते.

आणि शिसं. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात सफरचंदाची सायडर पिणाऱ्यांच्या पोटशूळाचं मूळ जॉर्ज बेकर या डॉक्टरला 1767 मध्ये शिशात सापडलं. आज ते वेगळ्या वाटेने येतं. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक औषधांच्या 2008 मधल्या अमेरिकी तपासणीत सुमारे पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं.

''आणखी काही औषध चालू आहे?'' असं विचारलं की उत्तर येतं, ''नाही.'' पुड्या, काढे, भस्मं घरच्यांच्या हिशेबी औषधांत मोडत नाहीत. त्या पुड्यांबद्दल वेगळं विचारावं लागतं, आणि रक्तातल्या शिशाची तपासणीही वेगळी लिहून द्यावी लागते. नेहमीच्या पॅकेजात ती नसते.