केसाळ चामड्याचा साज आणि त्याची निगा

घोड्याचा साज म्हटला कीं डोळ्यांसमोर येतें तें गुळगुळीत, तांबूस, तेल पाजून मऊ केलेलें चामडें. परंतु अमेरिकेच्या पश्चिम भागांत, टेक्सस व त्याच्या आसपासच्या पशुपालक प्रांतांत, एक निराळी तऱ्हा रूढ आहे. तेथील छातीपट्टे, मोहरक्या आणि खोगिराच्या कडा पुष्कळदां गाईबैलांच्या केसांसकट कमावलेल्या कातड्यानें मढविलेल्या असतात. कोणावर पांढऱ्यांत तांबडे ठिपके, कोणावर काळे-बांडे पट्टे. दोन साज हुबेहूब सारखे म्हणून मिळावयाचे नाहींत. तीन पिंपांना वळसे घालीत घोडा भरधांव फेंकण्याच्या तिकडील स्त्रियांच्या शर्यतींत तर असा साज फार दिसतो. ह्या स्त्री-स्वारांची संघटना १९४८ सालीं टेक्ससमधील सॅन अँजेलो येथें स्थापन झाली.

साज देखणा खरा, पण त्याची निगा मात्र नाजूक. नेहमींच्या चामड्याप्रमाणें त्यालाहि साबण-पाणी व वर भरपूर तेल दिलें, तर दोन-चार खेपांतच केस चिकटून जटा होतात व पुढें झडूं लागतात. उलट, भीतीनें तो साफच केला नाहीं, तर घोड्याची छाती व खांदे सोलून निघतात. म्हणून हें चामडें कसें तयार होतें, तें आधीं पाहिलें पाहिजे.

सामान्यतः कातडें कमावण्यापूर्वीं तें चुन्याच्या निवळींत, बहुधा सोडियम सल्फाइड घालून, भिजत ठेवतात. ह्या क्षारांनीं केसांतील केराटिन नांवाचें द्रव्य विरघळतें, आणि कातडें स्वच्छ निघतें. केसाळ कातड्याच्या बाबतींत चुन्याची ही पायरीच गाळतात. मीठ व आम्ल ह्यांच्या पाण्यांत कातडें मुरवून मग तें क्रोमच्या क्षारांनीं किंवा तुरटीनें कमावतात. ह्यावरून दोन गोष्टी सहज निघतात. एक, ज्या क्षारानें कारखान्यांत केस निघतात, त्याच जातीचा धुण्याचा सोडा, अमोनिया किंवा कपड्यांचा तीव्र साबण घरीं वापरला तर केस कमकुवत होणारच. दुसरी, तुरटीनें कमावलेलें कातडें पाण्यांत भिजत घातलें तर तुरटी धुवून जाते आणि वाळल्यावर कातडें पत्र्यासारखें ताठ होतें. म्हणून हा साज बादलींत बुडवूं नये, धुण्याच्या यंत्रांत तर मुळींच घालूं नये.

आतां मळ कोणता, तें पाहूं. धूळ-चिखल हा उघड शत्रु. खरा शत्रु घोड्याचा घाम. हा घाम माणसाच्या घामाहून पुष्कळ खारट असतो. शिवाय त्यांत लॅथेरिन नांवाचें एक प्रथिन असतें. त्याच्या योगानें घाम दाट केसांतून त्वचेपासून बाहेरपर्यंत पसरतो, आणि पट्ट्याखालीं घर्षण झालें कीं पांढरा फेंस येतो. ह्या प्रथिनाविषयीं ग्लासगोच्या संशोधकांचा एक निबंध २००९ सालीं प्रसिद्ध झाला आहे. फेंस वाळला कीं मागें मीठ उरतें. तें हवेंतील ओल धरतें, शिवणीचा दोरा कुजवितें आणि धुळीशीं मिळून खरकागदासारखें घोड्याच्या कातडीवर घासतें. आपल्याकडे ज्याला घोड्याची पाठ लागणें म्हणतात, त्याचें एक मूळ अशा कडक झालेल्या पट्ट्यांतच असतें.

सफाईची रीत अशी. चिखल ओला असतांना घासूं नये. तो पूर्ण वाळूं द्यावा, मग पट्टा हलकेच झटकावा आणि मऊ कुंचल्यानें केसांच्या वळणाच्या दिशेनें झाडावा. उलट दिशेनें घासल्यास केस मुळाशीं मोडतो. घोड्याच्या अंगाचा लोखंडी खरारा येथें वापरणें म्हणजे केस उपटून काढणें होय. नंतर कोमट पाण्यांत सौम्य साबणाचे एक-दोन थेंब टाकावेत, त्यांत फडकें भिजवून घट्ट पिळावें, आणि त्याच दिशेनें पुसावें. फडकें ओलसर असावें, टिपकणारें नव्हे. मग साध्या पाण्याच्या फडक्यानें साबण काढून घ्यावा. साबण केसांत राहिला तर पुढची धूळ तोच गोळा करतो.

पट्ट्याची मागची गुळगुळीत बाजू व कडा ह्यांना मात्र नेहमींचा सॅडल सोप चालतो, आणि गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलें नीट्सफूट ऑइल अगदीं थोडें, बोटाला फडकें गुंडाळून, लावावें. केसांवर तेल नको. वाळविणें सांवलींत व वाऱ्यावर. शेगडीजवळ किंवा कडक उन्हांत नव्हे, कारण ओलें चामडें उष्णतेनें आंखडतें व ठिसूळ होतें. वाळल्यावर एकदां कुंचला फिरविला कीं केस पुन्हां मोकळे होतात.

साठवण ओल्या हवेंत विशेष जपून करावी लागते. माथेरानच्या पावसाळ्यांत ज्यांनीं खोगीर सांभाळलें असेल, त्यांना बुरशीचा परिचय करून द्यावयास नको. हा साज प्लास्टिकच्या पिशवींत कोंडूं नये. सुती कापडांत गुंडाळून हवेशीर जागीं टांगावा. शिवाय लोकरीच्या कपड्यांना लागणारी कसर ह्या केसांनाहि लागते. तिला उपाय म्हणजे वरचेवर उलगडून झाडणें. घोड्यांना होणारें गजकर्ण साजावाटेंहि पसरतें व त्याचे बीजाणु केसांत महिनेन् महिने जिवंत राहतात. म्हणून अशा घोड्याचा पट्टा दुसऱ्यास चढवूं नये. गुळगुळीत चामड्यावर जंतुनाशक औषध फिरवितां येतें. केसाळ पट्ट्याच्या बाबतींत तें मुळापर्यंत पोंचेलच असा भरंवसा नसतो, आणि हा ह्या हौसेच्या साजाचा मोठाच दोष आहे.

दुसरा दोष असा कीं केसांखालीं पडलेली भेग दिसत नाहीं. यासाठीं दर सफाईच्या वेळीं पट्टा मागच्या बाजूनें वांकवून पाहावा, टांके ओढून पाहावेत, आणि बकलाजवळची घडी तर अवश्य उलगडावी. गेलेले केस पुन्हां उगवत नाहींत. परंतु टक्कल पडलेल्या जागेखालचें चामडें मऊ व अखंड असेल, तर तो पट्टा खुशाल वापरावा. तेथें भेग असेल, तर वरचे केस कितीहि सुंदर असोत, तो घोड्यावर चढवूं नये.