दूरध्वनी अखंड राहण्यासाठी

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा हे तालुक्याचे ठिकाण. पंचायत समिती, तहसील कार्यालय, बँका, शाळा व रुग्णालये यांचे दैनंदिन व्यवहार तेथेही दूरसंचारावर अवलंबून आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावयाची असो किंवा रास्तभाव दुकानातील यंत्रावर शिधापत्रिकाधारकाची ओळख पटवावयाची असो, संपर्क तुटला की काम खोळंबते. यंत्र म्हटले की बिघाड आलाच. तो झाल्यावरही सेवा चालू राहावी, यासाठी केलेली योजना म्हणजे राखीव यंत्रणा होय.

विजेची सोय

केंद्रात येणारी वीज रूपांतरित होऊन यंत्रांना ४८ व्होल्ट दाबाने मिळते. त्याच जोडणीवर बॅटऱ्या सतत भारित अवस्थेत ठेवलेल्या असतात. त्यामुळे बाहेरची वीज गेली, तरी क्षणाचाही खंड पडत नाही. बॅटऱ्या उतरण्यापूर्वी डिझेल जनित्राने भार उचलावयाचा असतो.

तांब्याच्या तारेवरील दूरध्वनीला लागणारी वीज याच केंद्रातून मिळते. म्हणून घरात अंधार असतानाही तो चालतो. ऑप्टिकल फायबरच्या काचतंतूतून मात्र प्रकाश जातो, वीज जात नाही. ग्रामपंचायतीत बसविलेल्या फायबरच्या उपकरणाला त्यामुळे स्वतंत्र बॅटरी किंवा इन्व्हर्टर आवश्यक ठरतो. तो नसेल, तर केंद्र चालू व फायबर अखंड असूनही गावातील सेवा बंद पडते.

जुळे नियंत्रक

केंद्रातील प्रत्येक भाग दुहेरी ठेवणे परवडणारे नाही. एका बिघाडाने किती ग्राहकांची सेवा बंद पडेल, यावर राखीव यंत्रणेचे प्रमाण ठरते. मोजक्या ग्राहकांच्या जोडण्या सांभाळणारे कार्ड बिघडले, तर ते बदलता येते. परंतु संपूर्ण केंद्राचे नियंत्रण करणारा संगणक थांबला, तर सारे गावच मुके होते. म्हणून नियंत्रक दोन ठेवतात. एक काम करीत असता दुसरा सर्व माहितीनिशी सज्ज असतो. अमेरिकेत १९६५ साली सुरू झालेल्या इलेक्ट्रॉनिक केंद्राची रचना याच तत्त्वावर होती. ४० वर्षांत एकूण २ तासांहून अधिक काळ सेवा बंद राहू नये, असे तिचे उद्दिष्ट होते.

भारतात १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने ग्रामीण भागासाठी १२८ जोडण्यांचे केंद्र तयार केले. ते वातानुकूलनाशिवाय चालावे, अशी त्याची रचना होती. वातानुकूलन यंत्र हीदेखील बिघडू शकणारी आणखी एक वस्तू, हे त्यामागील व्यवहारज्ञान ध्यानात घेण्यासारखे आहे.

राखीव, पण स्वतंत्र

केवळ दुसरे यंत्र ठेवल्याने प्रश्न सुटत नाही. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीची दूर पल्ल्याची सेवा सुमारे ९ तास विस्कळीत झाली. न्यूयॉर्क येथील एक केंद्र थांबून पुन्हा सुरू झाले आणि त्याने पाठविलेल्या संदेशांनी इतर केंद्रे एकापाठोपाठ एक थांबू लागली. सर्वांच्या संगणक-आज्ञावलीत एकच दोष होता. जी चूक पहिल्यात, तीच दुसऱ्यात असेल, तर दुसऱ्याचा उपयोग नाही. तसेच जनित्र आणि बॅटऱ्या दोन्ही सखल जागी ठेवल्या, तर पुराचे पाणी दोहोंना एकदमच निकामी करते. पहिल्याला जे बाधेल त्याने दुसरे बाधित होऊ नये, हीच राखीव यंत्रणेची खरी कसोटी होय.

मार्गांनाही हीच कसोटी लागू पडते. समजा, दारव्ह्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यालगत दोन केबल टाकल्या. कागदावर मार्ग दोन दिसतील, पण जेसीबीचा एक घाव दोन्ही तोडील. याउलट, दुसरी केबल दिग्रस व आर्णीमार्गे यवतमाळला नेली, तर वलय पूर्ण होते. एका बाजूस तुटले, तरी संदेश दुसऱ्या बाजूने पोहोचतात आणि दुरुस्तीस अवधी मिळतो. ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याच्या कार्यक्रमास केंद्र सरकारने २०११ साली मान्यता दिली. पुढे त्यास भारतनेट हे नाव मिळाले. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात वलयाकार जोडणी स्वीकारण्यात आली, त्यामागे हेच कारण आहे.

पंचायतींचे कार्य

या कामी ग्रामपंचायतींना बरेच काही करता येण्यासारखे आहे. पाणीपुरवठ्याची नळवाहिनी, गटार किंवा रस्ता यांसाठी खोदकाम करण्यापूर्वी भूमिगत केबलची चौकशी करावी. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाईल अॅप सुरू करण्यात आले. कंत्राटदारास काम देताना ही अट स्पष्ट घालावी. दोन कंपन्यांची सिमकार्डे असली म्हणजे निर्धास्त राहता येते, असेही नाही. दोहोंची उपकरणे एकाच मनोऱ्यावर असू शकतात. गावातील मनोरे व केबल कोठून येतात, याची माहिती सदस्यांनी करून घ्यावी.

शेवटची गोष्ट तपासणीची. राखीव बॅटरी न वापरताही जुनी होते आणि उभ्या जनित्रातील डिझेल संपल्याचे वीज गेल्यावरच कळते. ठरावीक दिवशी मुख्य वीज बंद करून कार्यालयातील उपकरण किती वेळ चालते ते पाहावे व नोंदवहीत लिहावे. त्या नोंदीवरून बॅटरी बदलण्याची वेळ आधीच कळेल आणि रुग्णवाहिकेची गरज असलेल्या घराला त्याची किंमत मोजावी लागणार नाही.